लाल पंप

पाण्याचा पेला हातात आला की सिस्टर तो आधी उजेडाकडे धरायच्या. एक डोळा मिटायच्या, पेला गोल फिरवायच्या आणि म्हणायच्या, "स्वच्छ दिसतंय? मग तर जास्तच भ्यायचं."

पहिल्यांदा हे त्यांनी माझ्याच घरी केलं. बायकोनं फिल्टरचं पाणी दिलं होतं. ती आठवडाभर धुसफुसत होती.

मी चोपड्याला पंचायत समितीत हातपंप दुरुस्त करणारा माणूस. तीस वर्षं पान्हे फिरवतोय. बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, म्हणून अख्खा गाव त्यांना सिस्टर म्हणायचा. छापील वायलचं पातळ, पायात पोरांसारखे पांढरे बूट, खांद्याला शबनम. रविवारी प्रार्थना आटोपली की चर्चमधली पाच-सहा माणसं एका जीपमधून सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांवर जायची. पाणी तपासायचं, उकळून प्यायला सांगायचं, क्लोरीनचं औषध वाटायचं. पंपाचा जाणकार म्हणून मला बरोबर घ्यायचे. मी का जायचो, ते मलाही धड सांगता येणार नाही. जीपमध्ये डबा चांगला असायचा, हे एक कारण.

मला त्यांचा संशय होता. लपवत कशाला? अशी गोड बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, आणि मनात शंकाही आली असेल. एकदा मी तोंडावरच विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. लोकांचा धर्म बदलायला येता ना?"

"भाऊ, आधी पाणी तर बदलू द्या," त्या म्हणाल्या आणि पोळीची गुंडाळी माझ्या हातात ठेवली. मी ती खाल्ली.

अशाच एका वस्तीत एकच हातपंप होता, अगदी घरांच्या मधोमध. शेजारी संडासाचा खड्डा. पाणी आरशासारखं नितळ. सिस्टरांनी ते तपासायच्या बाटलीत भरलं आणि बाटली टॉवेलात गुंडाळून घरी नेली. दोन दिवसांनी ती घेऊन माझ्या ऑफिसात आल्या. पाणी काळंकुट्ट झालं होतं, म्हणजे त्यात खड्ड्यातली घाण उतरत होती. तोवर वस्तीत तिघांना कावीळ होऊन गेलेली. लांब बांधावर एक जुनी विहीर होती. चर्चच्या लोकांनी आणि गावकऱ्यांनी मिळून दोन रविवार गाळ उपसला, औषध टाकलं. ते पाणी चांगलं निघालं. पण दारातला पंप सोडून बांधापर्यंत हंडा घेऊन कोण जाणार?

तेव्हा शहाणपणा मी केला. म्हटलं, "सिस्टर, पंप लाल रंगवा. लाल म्हणजे धोका. सरकारी पद्धतच आहे." रंगाचा डबाही मीच दिला, माझ्या गोदामातला. त्यांनी पदर खोचून पंप डोक्यापासून पायापर्यंत स्वतःच्या हातानं रंगवला. वस्ती मजुरीला गेलेली, सांगायला घरी कोणी नव्हतं. पुढच्या रविवारी सांगू म्हणून आम्ही निघालो.

पुढच्या रविवारी येऊन बघतो तर पंपाला हार! खाली हळद-कुंकू, अगरबत्ती, दोन लिंबं. पाण्याला रांग पूर्वीपेक्षा मोठी.

मी डोक्याला हात लावला. अरे, वेशीवरच्या दगडाला लाल रंग माखला की तो देव होतो, हे या मुलखात जन्मलेल्या मला कळू नये? करायला गेलो गणपती, झाला मारुती! तीस वर्षं सरकारी कागद वाचून माझी अक्कल गहाण पडली होती.

पंपासमोरच्या घरात नाना राहायचे, वस्तीतले सगळ्यांत वडील. ते हरखले होते. सिस्टरांना अहिराणीत म्हणाले, "बाई, तुम्ही देवले रंग देधा, बठ्ठा गाव खूश शे." मग आपल्या सुनेकडे बोट दाखवलं. सुरेखा तिचं नाव. सातवा महिना होता. "पोटुशी शे. देवनं पानी रोज पहिले तिलेच देस."

सिस्टरांचा चेहरा उतरला. मला त्या जीपच्या आड घेऊन गेल्या. "भाऊ, या दिवसांत कावीळ झाली तर आई आणि मूल दोन्ही जातात. माझ्या वॉर्डात गेलीयत. आधी ही पोरगी कधीतरी पीत असेल, आता मी तिला रोज पाजतेय." त्या बाईला मी असं कधी पाहिलं नव्हतं, आणि रंगाचा डबा माझा होता.

त्या तरातरा गेल्या, जीपमधलं रॉकेल फडक्यावर घेतलं आणि पंप पुसायला लागल्या. एकच गलका झाला. बायका धावून आल्या, "देव पुसतस का वं बाई!" एकीनं फडकं हिसकलं. चर्चचे एक वडीलधारे आमच्याबरोबर असायचे, ते हाका मारायला लागले, "सिस्टर, चला इथून!" मी पान्हा हातात घेऊन नुसता उभा. पंपाचा दांडा काढावा तर मार खाईन, न काढावा तर ती पोरगी. ना धड इकडं, ना तिकडं.

सिस्टर मात्र पंपाच्या ओट्यावर बसल्या. बाटलीतलं काळं पाणी त्यांनी विहीर उपसताना वस्तीला दाखवलं होतं, त्याचा उपयोग झाला नव्हता. थोड्या वेळानं त्या नानांना म्हणाल्या, "नाना, तुमचा देव आहे ना हा?"

"शे ना."

"मग दिवसभर त्याचा हात धरून खालीवर ओढता, ते चालतं का?"

नानांनी पंपाकडे बघितलं, दांड्याकडे बघितलं. कान खाजवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, दांडा काढी ल्या. देवले त्रास नको."

मी इतक्या घाईनं बोल्ट कधी काढले नसतील. पण नानांचं संपलं नव्हतं. देव बसवायचा तर नारळ पाहिजे. "रंग तुम्ही देधा बाई, नारय तुम्हीच फोडा. मंग कोनी हात नई लावाव."

नारळ आला. सिस्टर तो हातात धरून उभ्या. मागे जीपजवळ त्यांच्या चर्चची माणसं, पुढे वस्ती, मधे सुरेखा पोटावर हात ठेवून. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, काय करू?"

मी हातातले बोल्ट मोजायला लागलो.

त्यांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि नारळ ओट्यावर आपटला. शेवटी तोंडातून "आमेन" निघून गेलं. बायकांना वाटलं हाच मंत्र असेल, त्यांनीही तो म्हटला. परतीच्या जीपमध्ये डबाही उघडला नाही.

त्यानंतर जीप त्यांना न्यायला आली नाही. वडीलधाऱ्यांनी तोंड फिरवलं. सिस्टर एसटीनं फाट्यापर्यंत जायच्या आणि पुढे चालत. सुरेखाला बांधावरच्या विहिरीचं पाणी मिळतंय का, ती ते उकळतेय का, पेला उजेडाकडे धरून बघायच्या. बाळंतपण नीट झालं. मुलगी झाली. मला पेढा द्यायला त्या ऑफिसात आल्या तेव्हा मी म्हटलं, "सिस्टर, बरोबर केलंत."

"खरंच का हो?" त्या म्हणाल्या. "मला अजून कळत नाही. रोज माफी मागते, आणि ती पोर बघितली की वाटतं पुन्हा फोडीन." आणि हसल्या. डोळे मात्र भरले होते. मला त्या बाईची फार माया वाटली.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. मातीला मी नाना आणि सुरेखाला घेऊन गेलो. नानांच्या हातात पिशवी, पिशवीत नारळ. सगळे माती टाकून मागे सरले, तेव्हा नाना कबरीकडे बोट दाखवत माझ्या कानाशी आले. "भाऊ, आठे फोडतस का?"

झालं! पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा माझ्याकडेच. मी खांदे उडवले.

तेवढ्यात ते वडीलधारे जवळ आले. पिशवीकडे बघून म्हणाले, "बाबा, हे काय?"

नाना गांगरले. नारळ दोन्ही हातांत धरून म्हणाले, "बाईनी आमना देवले फोडं व्हतं. तिना देवले काय चालस, ते आमले माहीत नई."

वडीलधाऱ्यांनी नारळ घेतला, गुडघ्यावर बसले आणि ओल्या मातीत, न फोडता, सिस्टरांच्या उशाशी ठेवला.