दाजींच्या उखाण्यातली होडी

जगातल्या प्रत्येक वस्तूला बैल समजून तिचे दात तपासणारा माणूस या पृथ्वीवर एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे दाजी खोडाळ्याजवळच्या आश्रमशाळेत गणिताचे मास्तर. पण घरी शेती, दावणीला बैलजोडी, आणि बैलबाजारात त्यांच्या शब्दाला मान असा की जनावराच्या पाठीवर नुसती थाप मारून ते त्याची खोड सांगत. एवढ्यावर थांबले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तीच रीत ते सगळीकडे लावत. जव्हारच्या बाजारात छत्री घ्यायला गेले, तर दुकानदाराला ती उघडून रस्त्यावर येरझारा घालायला लावल्या. का, तर "उभ्या उभ्या सगळ्याच बऱ्या दिसतात, खोट चालीत कळते." ताईसाठी कुकर घेताना त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, "मारका नाय ना?" आणि मला बघायला पाहुणे आले, तेव्हा माझे वडील चहा आणायला सांगत होते, तर दाजी नवऱ्या मुलाला म्हणाले, "पाहुणं, जरा त्या आंब्यापर्यंत जाऊन या." बिचारा गेला आणि आला. दाजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "घे. सरळ चालतो. जुवाखाली बसायचा नाय." मी घेतला. अजून बसलेला नाही.

त्यांची दुसरी खोड म्हणजे 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडातून कधी निघालंच नाही. एस्टी स्टँडवर कुणी रस्ता विचारला की दाजी ठामपणे सांगणार. बहुतेक वेळा चुकीचा. पण माणूस इतका मायाळू की त्या परक्याला एकटं वाटू नये म्हणून त्याच्याबरोबर स्वतःही चुकायला निघणार. अशा चुकलेल्या माणसांपैकी निम्मी पुढे त्यांचे मित्र झाली आणि दर उन्हाळ्यात आंबे खायला येऊ लागली. मला मात्र ते भारी चिडवत. आमच्या जामसर गावातली पहिली पदवीधर मी. जव्हारला राहून, एका खोलीत चौघीजणी स्वयंपाक करून, मी भूगोल घेऊन बी.ए. झाले. हे मी कुठेही आणि कुणालाही सांगते, इथेही सांगितलं. दाजींनी त्या दिवसापासून माझं नावच टाकलं. "काय गं बी.ए., आज पृथ्वी फिरते का थांबली?" अशी आमची भेट सुरू व्हायची.

आता मुख्य गोष्ट. आम्ही कोळी. पण महादेव कोळी, म्हणजे डोंगरातले. आमच्या सात पिढ्यांनी नागली, वरई आणि भात केला. मासा म्हणाल तर पावसाळ्यात ओहोळाला चढणीला येतो तेवढा. समुद्र आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. पण 'कोळी' या शब्दाचा दाजींना असा काही अभिमान की कुठे तळं, बंधारा, हौद दिसला तरी छाती पुढे काढून म्हणत, "कोळ्याच्या पोराला पाणी शिकवायचं नाय." प्रत्यक्षात ते नदीवर घोट्याच्या वर पाणी येऊ देत नसत. लांब दगडावर बसून तांब्यातांब्याने अंघोळ. विचारलं तर म्हणत, "पाण्याचा मान राखावा माणसानं. अंगावर जाऊ नये."

ह्याच अभिमानाने त्यांचा घात केला, तोही भर मांडवात. जामसरला ताईचं लग्न लागलं तेव्हा बायकांनी दाजींना अडवलं, नाव घेतल्याशिवाय सोडायचं नाही. दाजींनी घसा साफ केला आणि जागच्या जागी जुळवलं,

"निळ्या निळ्या समुद्रात होडी वल्हवतो कोळी,
सुमनला बसवीन पुढं, मग खाईन पुरणपोळी!"

मांडव हसून लोळला. मी परकरात होते, मीही हसले, कशाला ते न कळता. हसली नाही ती एक ताई. तिने तो उखाणा शब्दाशब्दाने गाठीला बांधून ठेवला. पुढे दर होळीला पुरणपोळीचं ताट वाढताना ती एवढंच म्हणायची, "पोळी झाली. होडीचं काय?" आणि दाजी गुळवणीत बोट बुडवून म्हणायचे, "होणार, होणार."

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली त्या होळीला ताईने पुरण शिजवलंच नाही. दाजी पाटावर बसले आणि पुढ्यात आलं पिठलं.

"सुमे, हे काय?"

"उखाण्यात आधी होडी हाय, मग पोळी. आजवर मीच उलटं वाढलं. माझं चुकलं."

दाजींनी दोन दिवस पिठलंच खाल्लं. मग त्यांनी तोडगा काढला. डहाणूला समुद्र आहे, सकाळच्या एस्टीने जाऊन संध्याकाळी परत. ताईने भाकरी थापता थापताच विचारलं, "निळा हाय का?" दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भूगोलाशी बेईमानी करू शकत नव्हते. म्हणाले, "मातकट आहे, दाजी." "बी.ए. करून घरचा भेदी केला तुला," ते म्हणाले. पण निळा समुद्र अंदमानचा, हे तिथेच ठरलं. त्यांच्या शाळेतल्या एका मास्तरांचा भाऊ अंदमानात नोकरीला होता, त्याच्याकडे उतरायची सोय झाली. हिंदी-इंग्रजी बोलायला म्हणून मला बरोबर घेतलं. दाजींनी पिशवीभर नागलीचं पीठ घेतलं, परमुलखात पोट बिघडू नये म्हणून. मद्रासहून बोट सुटली तसे दाजी जे आडवे झाले ते पोर्ट ब्लेअर येईपर्यंत डोळे मिटूनच. काय होतंय विचारलं की ओठ न हलवता सांगत, "समुद्राशी बोलतोय."

ज्या छोट्या बेटावर आम्ही शेवटी पोचलो तिथला समुद्र पाहून ताई किनाऱ्यावर उभीच राहिली. निळा म्हणजे किती निळा असावा! आत लांबवर प्रवाळाची भिंत, तिच्यावर लाटा फुटत होत्या, आणि भिंतीच्या अलीकडचं पाणी परातीत ठेवल्यासारखं शांत. इतक्यात एक पन्नाशीचा, काळासावळा नाववाला पुढे आला आणि हसून म्हणाला, "डोंगी चाहिए, साहब?"

दाजींचे कान लाल झाले. "कोणाला ढोंगी बोलतो रं?"

मी घाईने सांगितलं, "दाजी, डोंगी म्हणजे होडी. इकडं होडीला तसं म्हणतात."

ताई समुद्रावरची नजर न काढता म्हणाली, "त्यानं बरोबर वळखलं."

मग दाजींनी होडी भाड्याने घ्यायला सुरुवात केली. मी जव्हारच्या बाजारात त्यांना पाहिलं होतं, पण तिथे त्यांनी कळस केला. आधी होडीभोवती एक चक्कर. मग फळीवर थाप. मग वाकून वास. "उमर क्या है इसकी?" नाववाल्याने सांगितली. "दिखती तो ज्यादा है." मग समोरून नाकाडाकडे इतका वेळ पाहत राहिले की मला वाटलं, आता तिचं तोंड उघडून दात मोजतात. शेवटी हुकूम सुटला, "चला के दिखाव." नाववाला मुकाट्याने होडी आत घेऊन गेला आणि वळवून आणली. दाजी डोळे बारीक करून म्हणाले, "उजवे बाजू को ओढती है."

नाववाला थक्क झाला. होडी खरंच थोडी उजवीकडे ओढत असावी, कारण तो हात जोडून म्हणाला, "साहब, आप तो जानकार आदमी हैं. कौन हैं आप लोग?"

दाजींनी छाती काढली. "हम कोळी है."

"कोली! बंबई का कोली?" त्याचा चेहरा उजळला. "हम ट्रॉलर पे काम किए हैं कोली लोग के साथ. अरे, वो तो समंदर का राजा है! आपके सामने हम क्या नाव चलाएँगे? आप ही ले जाइए." आणि त्याने वल्हं दाजींच्या हातात ठेवलं.

मी दाजींना अनेक प्रसंगांत पाहिलं आहे, पण तसा चेहरा कधी नाही. आयुष्यभर बैलबाजारात दुसऱ्यांना अडकवणारा माणूस स्वतःच्याच दाव्याला बांधला गेला होता. मी हळूच म्हणाले, "सांगून टाका की. आपण डोंगरचे."

"गप, बी.ए. आता सांगितलं तर समद्या कोळ्यांची अब्रू जाते."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग माझी एकट्याची." एवढं बोलून त्यांनी ताईकडे पाहिलं. ती होडीत पुढे जाऊन बसलीसुद्धा होती. पदर खोचलेला, पिशवीत राहून चुरगळलेली जांभळी साडी, कपाळावर मोठं कुंकू. पंचवीस वर्षं ती ज्या जागेची वाट पाहत होती त्या जागेवर ती बसली होती, आणि दाजींना आता मागे फिरता येत नव्हतं. भिंतीच्या आतलं पाणी छातीएवढंच आहे, असं नाववाल्याने सांगितलं. दाजींसाठी ते घोट्यापेक्षा फार वर होतं. तरी ते चढले. मी मध्ये बसले, भाकऱ्यांचं गाठोडं धरून.

नाववाल्याने होडी ढकलून दिली. दाजींनी डोळे मिटून, कुलदैवताचं नाव घेऊन वल्हं मारलं. होडी निघाली. पण दाजी एकाच बाजूने मारत होते, आणि होडी गोल फिरत होती. पाण्यात खाली प्रवाळ दिसत होतं, निळे-पिवळे मासे सळकन जात होते. ताई वाकून बघत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "हा जांभळा दगड मघाशी भेटला व्हता."

"एकसारखे असतात ते," दाजी.

आणखी एक फेरा. "अहो, हा तोच मासा. आता वळख दाखवतो." आणि मग तिला राहवेना, "मळणी चाललीय का हो? खळं हाय का हे? मध्ये खांब तरी रोवा!"

"पाण्याला वळण असतं, सुमे. तुला नाय कळायचं." पण वल्हं पुन्हा त्याच बाजूला पडलं. किनाऱ्यावर नाववाला हात जोडून उभा होता. समुद्राच्या राजाची ही काहीतरी प्रदक्षिणा असणार, अशी त्याची समजूत झाली होती. मी हसू दाबायला तोंडात पदर कोंबला, आणि तेवढ्यात दाजींचे हात पाहिले. वल्हं इतकं घट्ट धरलेलं की बोटं पांढरी पडली होती. हसू आपोआप विरलं.

दाजींनी वल्हं मारायचं थांबवलं. खूप हळू, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने (पण मी मध्येच बसले होते) ते म्हणाले, "सुमे, मला पाणी नाय जमत."

ताई मागे वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "ठाव हाय मला. लग्नाच्या सालापासून. ओहोळ ओलांडताना माझा पदर कोण धरतं?"

"मग इतकी वर्सं होडी होडी काय करत होतीस?"

"तुम्ही भर मांडवात बोलला व्हता. मला वाटलं, माझ्यासाठी कधी तरी भिऊन का होईना, होडीत बसाल." मग तिने मला फर्मावलं, "बी.ए., तुझ्या पायाखाली दुसरं वल्हं हाय, ते दे इकडं." ते तिने डाव्या बाजूला घातलं. "तुम्ही उजवे. मी डावी. चला."

पहिल्यांदा दोघांचा मेळ बसेना. मग दाजींना काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी बैल नांगराला धरल्यावर घालतात तशी साद घातली, "हर्र, हर्र!" आणि त्या तालावर दोन्ही वल्ही एकदम पडली. होडी सरळ झाली. जुवाखालच्या जोडीसारखी एका चालीने निघाली, आणि अंदमानच्या त्या समुद्राने खोडाळ्याची नांगरणी पाहिली. पाण्याचा रंग गडद होतो तिथपर्यंत आम्ही गेलो. ताईने वल्हं आडवं ठेवून हात पाण्यात बुडवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"निळा हाय ना?" दाजींनी विचारलं.

"हाय," ती म्हणाली.

परत आल्यावर वाळूवर बसून नागलीच्या भाकरीचं आणि खुरासणीच्या चटणीचं गाठोडं सोडलं. दाजींनी नाववाल्यालाही वाढलं, आणि त्याने पहिला घास घेण्याआधीच स्वतःहून कबूल केलं, "हम कोळी है, पर पहाड के." नाववाला भाकरीकडेच बघत होता. "अरे, ये तो मडुआ है! हमारे रांची तरफ यही खाते हैं." मग हसून म्हणाला, "हम भी पहाड़ के हैं, साहब. मेरा दादा पहली बार समंदर देखा तो पेड़ पकड़ के बैठ गया था." दाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप मी ओळखते. पसंत पडलेल्या जनावरालाच ती मिळते.

गावी परतल्यावर दाजींच्या तोंडी त्या सफरीत वादळ आलं, मग मोठा मासा आला, मग दोन मासे. ताईने एकदाही खोडून काढलं नाही. पुढच्या होळीला मुकाट्याने पोळ्या लाटल्या.

नंतर काही वर्षांनी त्यांच्या मुलाचं लग्न झालं. तोवर बैल विकले गेले होते, दाजींचे गुडघे गेले होते, आणि जव्हारच्या डॉक्टरांनी त्यांचं गोड पार बंद केलं होतं. मांडवात सुनेचं नाव घेऊन झालं, तशा पोरींनी म्हाताऱ्यालाही धरलं. दाजी खुर्चीचा हात धरून उठले. मला वाटलं, तोच जुना काढतील. पण त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले,

"निळ्या निळ्या समुद्रात होडी फिरली गोल,
सुमननं वल्हं धरलं, म्हणून राहिला माझा तोल."

पोरींनी टाळ्या वाजवल्या, पण कुणाला फारसं कळलं नाही. कोळ्याची होडी गोल कशाला फिरेल? कळलं ते आम्हा तिघांना. ताईने डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढलाही. मग भरल्या आवाजात, पण साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "होडी झाली. पोळीचं काय?"

दाजी हसले आणि डॉक्टरांचं नाव घेऊन हात हलवला. त्या संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मी चुलीपाशी गेले, तर ताईने एकच पोळी केली होती, तळहाताएवढी. तिचे दोन तुकडे करून लहान तुकडा ती दाजींच्या हातावर ठेवत होती. दाजींनी तो उलटून पाहिला, वास घेतला, कडा तपासली आणि म्हणाले, "चाल बरी वाटते." आणि मग खूप वेळ पुरवून पुरवून खात राहिले.