तिसऱ्या मजल्यावरचा गोवर

‘टँकरवाल्यांनी पाण्यापुरतं बोलावं.’

हे वाक्य मोबाइलवर, सोसायटीच्या ग्रुपवर आलं तेव्हा माझ्याच टँकरचा पाइप तिथल्या टाकीत सोडलेला होता. बघता बघता वाक्याखाली अंगठे उगवले. हसणारे पिवळे चेहरे उगवले. मान वर करून बघितलं तर बाल्कन्यांत तीच माणसं उभी. ‘भाऊ, टाकी भरेल ना?’ असं गोड आवाजात विचारणारी. तोंडावर भाऊ आणि मोबाइलवर टँकरवाला.

पाइप हातात धरून मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

त्या सोसायटीत मी नुसता पाणी टाकायला जात नव्हतो. तळमजल्यावरचा फ्लॅट माझा आहे. देवगाव रंगारीजवळच्या एका वस्तीवरून मी या शहरात आलो. दुसऱ्याचा टँकर चालवला, मग स्वतःचा घेतला, मग आणखी घेतले. पाऊस रुसत गेला आणि गारखेड्यात इमारती चढत गेल्या. बोअर आटले. नळाला पाणी कधी यायचं ते कुणालाच माहीत नसायचं. माझा धंदा त्या तहानेवर वाढला, हे मी लपवत नाही. घासाघीस करून मोठा झालेला माणूस आहे मी. डोकं लवकर तापतं, तेही खरं. पण फ्लॅट घेतला म्हणून मी शेजारी झालो, असं मी समजत होतो. ते मला दारातलंच माणूस समजत होते.

वाद लसीवरून झाला. शाळेत मुलांना गोवराची लस द्यायची होती. तिसऱ्या मजल्यावरच्या सरांनी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. हे सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात, सोसायटीचे सचिव आहेत आणि ग्रुपचे ॲडमिनही. त्यांनी लिहिलं, लस घेऊन कुठंतरी मुलं चक्कर येऊन पडली, कंपन्यांचा हा धंदा आहे, गोवर म्हणजे चार दिवसांचं पुरळ, आपण आपल्या ओवीला लस देणार नाही, सुज्ञ पालकांनीही देऊ नये. कुठं पडली, कोण पडली, काही नाही. पण सरांनी लिहिलं म्हटल्यावर सगळे माना हलवायला लागले.

मी लिहिलं. एका बोटानं, टाकीवर बसून. लिहिलं की लसीनं ताप येतो, खरं आहे. माझ्या पोराची मांडी सुजली होती, रात्रभर रडला होता, मीही घाबरलो होतो. पण मी व्यापारी माणूस. दोन्ही पारडी बघितल्याशिवाय तराजू उचलत नाही. एका पारड्यात सुजलेली मांडी. दुसऱ्या पारड्यात माझी मोठी बहीण. लहानपणी तिला गोवर झाला आणि दोन्ही डोळे गेले. तुम्ही सगळे तिला रोज बघता. आता सांगा, जड कोणतं?

सरांचं उत्तर आलं. जसंच्या तसं लिहितो.

‘तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटतं. पण ते गाव, ती गरिबी, ती अस्वच्छता. गोवर हा त्या परिस्थितीचा आजार आहे. आमची मुलं तशा परिस्थितीत वाढत नाहीत.’

मी त्यावर चिडून चार शब्द जास्तच लिहिले. त्या चार शब्दांवर सरांचं ते पाण्याचं वाक्य आलं.

घरी येऊन मी अक्काला सगळं वाचून दाखवलं. अक्का म्हणजे तीच बहीण. लग्न झालं नाही, माझ्याकडंच असते, आणि माझ्यापेक्षा तिचीच जीभ तिखट. तिच्या मांडीवर माझी धाकटी लेक होती. सहा महिन्यांची. गोवराची लस नऊ महिन्यांनंतर. म्हणजे अजून तिच्या अंगाला कसलाच आधार नव्हता. माझा जीव तिथं अडकलेला होता. बाकी वादात मला कुणाला हरवायचं नव्हतं.

अक्का म्हणाली, ‘आमची मुलं म्हंजी कुणाची रे? देवानं वरून पाठवली का?’

‘जाऊ दे अक्का.’

‘जाऊ कसं दे? मला गोवर झाला तव्हा माय रोज घर सारवायची. यांच्या फरशीपरीस सोच्छ घर व्हतं आपलं. गोवर काय फरशी बघून येतो व्हय?’

ओवी सरांची एकुलती एक. आठ वर्षांची, गोड पोर. शाळेतून आली की दप्तर टाकून आमच्याकडं पळत यायची, बाळाचे मुके घ्यायची. वाद झाला तरी ती येत राहिली. पोरीला कशाला दोष द्यायचा? तिला सर्दी झाली, नाक गळत होतं, डोळे लाल होते, तरी ती आली. मग यायची थांबली.

पुढं एका दुपारी सरांच्या मॅडम आमच्याकडं आल्या. मी आतल्या खोलीत जेवत होतो, बायको बाळाला निजवत होती. मॅडमनी दार लोटून घेतलं आणि अक्काजवळ बसल्या. एरवी कधी बसल्या नव्हत्या.

‘अक्का, तुमच्याकडं गोवर झाला की काय करतात हो? कडुलिंबाच्या पाल्यानं उतरतो म्हणे.’

‘कुणाला झालाय?’

‘कुणाला नाही. असंच विचारलं.’

‘असंच कुणी दार लोटून विचारीत नाय बाई. ओवीला व्हय?’

मॅडम रडायला लागल्या. सर म्हणतात उष्णतेचं पुरळ आहे. सर म्हणतात दवाखान्यात नेलं तर ग्रुपवर कळेल, तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ताप उतरत नाही.

अक्का कडाडली. ‘माझ्या मायनं दाराला लिंब बांधला. घरात फोडणी दिली नाय. मला अंधारात निजवलं. समदं केलं, दवाखाना तेवढा नाय केला. बघ माझ्याकडं. नीट बघ. मला दिसत नाय, तुला तर दिसतं ना? ऊठ. पोरीला डॉक्टरकडं ने. नवऱ्याला विचारीत बसू नको.’

मॅडम उठल्या. जाता जाता मला बघितलं आणि हात जोडले. ‘भाऊ, ग्रुपवर तेवढं टाकू नका.’

मी ताट सारलं. मला ओवीचे मुके आठवले. बाळाच्या गालावरचे, डोळ्यांवरचे.

मी वर गेलो. सर वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी म्हणालो, ‘सर, तुम्हीच ग्रुपवर लिहा. ज्यांची लेकरं लहान आहेत ते सांभाळतील. वाद संपला म्हणा, टँकरवालाच चुकला म्हणा, काय पण म्हणा. पण लिहा.’

‘पुरळ आहे साधं.’

‘गोवर आहे.’

‘समजा असला, तरी नैसर्गिक आहे. तुमच्या बाळालाही आपोआप प्रतिकारशक्ती येईल.’

माझी सहा महिन्यांची लेक त्यांच्या हिशेबात कुठंच नव्हती. मला गप्प बघून त्यांना वाटलं, मी सौद्याला तयार झालो. पेपर खाली ठेवला. आवाज हळू केला.

‘बोला ना, भाऊ. टँकरचा दर वाढवून हवाय का? मीटिंगमध्ये मी पास करून देतो.’

आयुष्यभर मी भाव केला. डिझेलचा, टायरचा, विहिरीच्या पाण्याचा. समोरच्याचा पडेल भाव मला त्याच्या डोळ्यांत दिसतो. त्या दिवशी मला सरांच्या डोळ्यांत माझाच भाव दिसला. माझ्या लेकीच्या श्वासाचा भाव. त्यांनी मनात ठरवून टाकला होता, आणि तो मला परवडेल अशी त्यांची खात्री होती.

‘हा सौदा नाही,’ मी म्हणालो.

रागात पहिला विचार आला, टँकर बंद करतो. घशाला कोरड पडली की येतील पायऱ्या उतरून. अक्कानं ऐकलं आणि म्हणाली, ‘आजारी पोर हाय वर. तिचं पाणी तोडतो व्हय रे? मंग त्याच्यात अन् तुझ्यात काय?’

मी टँकर भरायला विहिरीवर गेलो. सगळं रान करपलेलं, तिथला लिंब तेवढा हिरवा. एक डहाळा मोडला. आमच्या वस्तीवर गोवर झाला की दाराला लिंब लागायचा. देवीसाठी लावतात म्हणायचे. लिंबानं कुणी बरं झालं नाही, अक्काचे डोळे वाचले नाहीत. पण डहाळा दिसला की दुसऱ्याची माय आपलं लेकरू उंबऱ्यावरूनच मागं न्यायची. एवढी लाज आमच्या अडाणी वस्तीला होती. आजार लपवून दुसऱ्याच्या घरात सोडायचा नाही.

तो डहाळा मी सरांच्या दाराच्या कडीला बांधला. मग ग्रुपवर लिहिलं, ‘आपल्या सोसायटीत गोवर आहे. लहान लेकरं सांभाळा. ज्यांना लस नाही त्यांनी डॉक्टरांना विचारा.’ पोरीचं नाव लिहिलं नाही. घराचंही नाही. घर डहाळा सांगत होता.

लगेच मला ग्रुपमधून काढलं. डहाळा केराच्या डब्यात गेला. खाली पार्किंगमध्ये एक बाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, ‘फ्लॅट घेतला म्हणून संस्कार येत नाहीत.’

मग अक्का उठली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, ‘चल. मोबाइल त्यांचा, जिना तर समद्यांचा हाय.’ प्रत्येक दार आम्ही वाजवलं. काहींनी दार उघडलंच नाही. काहींनी साखळी लावून ऐकलं. अक्का एकच सांगायची, ‘ह्ये डोळे गोवरानं गेलेत. घरात लहान लेकरू असंल तर दवाखान्यात जाऊन विचारा.’ दोन मायांनी दुसऱ्याच दिवशी मुलांना नेलं. नवऱ्यांना न सांगता.

आमच्या लेकीच्या कानामागं पुरळ दिसलं तेव्हा ओवी बरी होऊन खेळायला लागली होती. बाळाची छाती भरली. दवाखान्यात नाकाला नळी लावून ती पडली होती आणि बायको तिच्या छातीकडं बघत बसली होती, वर-खाली होते का म्हणून. लेक जगली. उजव्या बाजूनं हाक मारली तर अजून वळत नाही. डॉक्टर म्हणतात, मोठी झाल्यावर कळेल. सर भेटायला आले नाहीत. मॅडम आल्या, दाराबाहेरूनच बघून गेल्या.

परवा टाकीचा तळ दिसला. मोबाइल वाजला. ॲडमिननं मला पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं होतं. पहिलाच मेसेज, ‘भाऊ, टँकर कधी?’

टँकर वेळेवर गेला. जाईलही. पण त्याआधी मी अक्काच्या तोंडाजवळ मोबाइल धरला. ती बोलली, तिच्याच आवाजात, कुणाला शिवी न देता. डोळे कसे गेले. बाळाचा कान कसा झालाय. लस कुठं मिळते. तो आवाज मी ग्रुपवर टाकला. सरांनी पुसला. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकला. परत पुसला. आज पुन्हा टाकलाय. उद्याही टाकणार.

पाण्यापुरतं बोलायचे दिवस गेले.

काढतील ग्रुपमधून, काढू देत. जिना आहे. अक्काला तिसरा मजला आता हात न धरता सापडतो.