एकाच कोटातली माणसं

आमचे हे फोटोग्राफर. बोलणं कमी. "हनुवटी जरा वर," हे एकच वाक्य त्यांनी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवलं, आणि आमच्या लग्नात मलाही.

कारखान्यांच्या रस्त्यावर आमचा स्टुडिओ. दूरदेशाहून पोट भरायला आलेली माणसं घरी पाठवायला फोटो काढून घ्यायची. अंगात धड सदराही नसायचा. मग हे त्यांच्या अंगावर आपला काळा कोट चढवायचे; ढगळ झाला की पाठीला कपड्यांचे चिमटे. समोरून बघाल तर साहेब! "कोट कुणाचा ते कुणाला सांगणार नाही," असा शब्द द्यायचे आणि पाळायचेही.

यंदा आमच्या लेकीने त्या जुन्या निगेटिव्ह कॉम्प्युटरवर घेऊन प्रदर्शन मांडलं. भिंतभर पडदा, चेहरे एकामागून एक बदलतात, कोट तसाच. फोटो दाखवायला त्या माणसांच्या घरच्यांचा होकार होता, पण कोटाचं त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ह्यांना कळलं तसे भरल्या ताटावरून उठले. "त्यांची अब्रू माझ्यापाशी ठेवलीय. ती भिंतीवर टांगू?"

लेक रडकुंडीला आली. मी म्हटलं, "माणसं गेली, कोटाला कसर लागली, आता त्या शब्दाचं काय लोणचं घालताय?" शेवटी हो म्हणाले, पण मनापासून नाही.

पहिल्याच दिवशी पन्नाशीची एक बाई पडद्यासमोर थांबली ती हलेचना. तिच्या वडिलांचा फोटो आला, गेला, कोट राहिला. हे दाराशी मान खाली घालून उभे.

"बाबांनी कळवलं होतं, नवा कोट घेतलाय," ती लेकीला सांगत होती. "आम्ही भावंडं भांडायचो, आधी कोण घालणार म्हणून. घरी आले ते कोटाविनाच. म्हणाले, वाटेत चोरीला गेला. आई मरेपर्यंत त्या चोराला शिव्या घालायची."

हे पुढे झाले.

"ताई, तो चोर मीच."

लेकीने कोट कोपऱ्यात खुंटीला लावला होता. ह्यांनी तो काढून तिच्यापुढे धरला. बाईने पाठ वळवून बाह्यांत हात घातले. कोट ढगळच झाला. खिशात चिमटे अजून होते. ह्यांनी सवयीने मागून दोन लावले, समोर आले.

"हनुवटी जरा वर."

तिने हनुवटी वर घेतली; डोळे मात्र वाहू दिले.