पेजेआधीची प्रार्थना

शिरोड्यात डोरथी फर्नांडिसला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि तिला कंटाळला नाही असाही विरळाच. बाई प्रार्थना करते ती खणखणीत आवाजात. कुणाला ताप असो, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसो, डोरथी भर बाजारात थांबते, क्रूसाची खूण करते आणि देवाबापाला हाक मारते. एकदा तर पाद्रीच म्हणाले, "डोरथी, देव बहिरो नाय गो!"

पण हातही तेवढाच चालतो. शेजारच्या विमलाबाई परबांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, तेव्हापासून दोन वर्षं डोरथी रोज अकराला पेज घेऊन त्यांच्याकडे जायची. आधी परसातली जास्वंद त्यांच्या चालत्या हातात द्यायची, त्यांच्या गणपतीसाठी. मग वाटीवर क्रूस काढून म्हणायची, "देवा बापा, ह्या अन्नार आशीर्वाद घाल." मग पहिला चमचा.

गावाच्या तोंडाला कोण झाकण घालणार? "डोरथी विमलेक बाटवता," असं कुणीतरी उठवलं आणि ते कुडाळला नोकरी करणाऱ्या निलेशच्या, विमलाबाईंच्या एकुलत्या एका मुलाच्या, कानावर गेलं. तो रजा टाकून घरी आला.

"काकी, पेज भरव. पण ती खूण आणि ती प्रार्थना नको. लोकां काय काय बोलतत."

"आणि तू काय बोलतस रे?"

निलेश उंबऱ्यात उभा राहिला.

डोरथीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण म्हातारीला उपाशी कसं ठेवायचं? देवाला मनातलं ऐकू येतं, असं स्वतःला बजावून तिने मुकाट चमचा पुढे केला. विमलाबाईंनी तोंड उघडलं नाही. डोरथीच्या हाताकडे बघत त्या वाट पाहत राहिल्या. पेज गार झाली.

दुसऱ्या दिवशीही तेच. "आवशीक भूक नसतली," निलेश आईकडे बघत म्हणाला.

तिसऱ्या दिवशी डोरथीला राहवलं नाही. दोन दिवस आपण देवाला चोरीच्या मालासारखं लपवलं याची तिला भयंकर लाज वाटत होती. निलेशच्या डोळ्यांदेखत तिने क्रूस काढला आणि नेहमीच्या आवाजात प्रार्थना म्हटली. विमलाबाईंनी लगेच आ केला. अख्खी वाटी संपली. निलेशने रिकामी वाटी धुऊन तिच्या हातात दिली. "उद्यापासून येव नको, काकी."

त्याने सारिका नावाची बाई पगारावर ठेवली. दोन दिवसांनी सारिका कुंपणापाशी आली. "काकी, तुमी काय करत होतास? माझ्या हातान त्या एक घोट घेनत नाय."

"काय नाय गो. देवाक हाक मारून भरवी होतंय."

सारिकाने मागे वळून बघितलं. निलेशने खोलीत कॅमेरा बसवला होता. "तां माका जमाचा नाय," ती म्हणाली. "माझी नोकरी जायत."

डोरथीने तिला दोष दिला नाही. घरी जाऊन गुडघे टेकले आणि जपमाळ हातात घेऊन एवढंच मागितलं, "देवा, तिका माझ्याबिगर जेवूक दी." इतकी साधी मागणी तिने जन्मात केली नव्हती.

देवाने ती ऐकली असंच म्हणायला हवं. दुसऱ्याच दिवशी विमलाबाईंना दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घातली. आता सारिका पेज गाळून नळीत सोडते. त्यांनी तोंड उघडायची वाट कुणाला बघावी लागत नाही.