म्हातारीचं घड्याळ

मिलिंद गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याच्यावरच चिडून बसले होते. लातूरच्या आमच्या एका खोलीच्या ऑफिसची किल्ली त्याच्याकडे आणि मी बाहेर उन्हात पायरीवर. फोनवर त्याची आई होती. "शालू, मिलिंद उठंना गं माय…" एवढंच बोलली. झोपेतच हृदय थांबलं होतं. रेणापूरला त्याच्या घरी पोचेपर्यंत हातातला राग कुठे ठेवावा ते मला कळत नव्हतं. अजूनही कळत नाही.

आम्ही दोघं सरकारी कचेऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. मागच्या मोठ्या दुष्काळात टँकरच्या फेऱ्या लावण्याचा प्रोग्रॅम केला. कोणत्या गावाला कधी पाणी जायचं, ते त्यावर ठरे. मी तो माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर तयार केला आणि औशाच्या तहसील कचेरीतल्या जुन्या संगणकावर तो उघडेचना. प्रोग्रॅमला लागणारे सॉफ्टवेअरचे जोडतुकडे त्या संगणकात नव्हतेच. मी संगणकाला शिव्या घालत बसले. मिलिंदने भंगारातून त्याहूनही जुना संगणक उचलून आणला आणि कोपऱ्यात मांडला. त्याचं नाव म्हातारी. "सगळ्यात जुन्यावर बांधायचं. मग नव्यावर बी चालतंय. उलटं चालत न्हाई," तो म्हणाला. शिवाय प्रोग्रॅमला लागेल ते सगळं तो त्याच्या पोटातच भरून द्यायचा. समोरच्या संगणकाकडे काही म्हणता काही मागायचं नाही, हा त्याचा हट्टच होता.

या हट्टाचं मूळ मला फार उशिरा कळलं. कामासाठी हिमायतनगरला गेलो होतो. स्टँडवर चहा सांगितला, तर यानं पिशवीतून स्टीलचा पेला काढला. मी हसले. "बाबाचा हाय," तो म्हणाला. त्याच्या वडिलांच्या तरुणपणी गावच्या हॉटेलात बौद्धांच्या कपबश्या वेगळ्या, बाहेर वळचणीला ठेवलेल्या असत. वडिलांनी त्या कपाला कधी हात लावला नाही. पेला घरून न्यायचे. "बाबा म्हणायचा, जिथं जाशील तिथं आपलं भांडं आपल्यापाशी पाहिजे." मी चहा तसाच ठेवला. फार वाईट वाटलं होतं.

म्हातारीला एक दुखणं होतं. सेल बदलला तरी तिच्या घड्याळात तारीख टिकत नसे. रोज सकाळी ती जागी व्हायची ती कितीतरी वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीला. मिलिंद पेल्यातून चहा घेत घेत तिला आजची तारीख घालून द्यायचा. "ऊठ म्हातारे, लई झोपलीस." नवा जिल्हा होणार अशी आवई दर थोड्या दिवसांनी उठायची, तेव्हा म्हणायचा, "जिल्हा नवा होईल गं शालू, कॉम्प्युटर जुनाच येईल. म्हातारीला जप."

यंदा पुन्हा विहिरी आटल्या. औशाहून निरोप आला, आणखी काही गावं फेऱ्यांत घाला. मिलिंदला जाऊन काही आठवडे झाले होते. मी म्हातारी सुरू केली. ती त्याच जानेवारीत जागी झाली आणि पडद्यावर इशारा आला… मिलिंदने शेवटचा हात फिरवलेल्या फाइलींची तारीख अजून उजाडायची आहे. तिच्या लेखी मिलिंदचं काम अजून व्हायचं होतं. तो अजून यायचा होता! मला तारीख बदलवेना. तशीच गावं घातली, सगळं नव्याने बांधलं आणि पाठवून दिलं.

औशाहून कारकुनाचा फोन आला. "मॅडम, नवं काय आलंच न्हाई. जुनंच चालायलंय. नव्या गावचे लोक हितं घागरी घेऊन बसलेत."

मग डोक्यात प्रकाश पडला. तारखेने नवी असेल तीच फाइल घ्यायची, असं तिथं मिलिंदनेच लावून ठेवलं होतं. माझी फाइल त्या संगणकाला कैक वर्षं जुनी वाटली. त्याने मिलिंदचीच ठेवली होती.

त्याच्या आईने मला दिलेला पेला मी म्हातारीशेजारी ठेवला. "ऊठ म्हातारे," एवढंच म्हटलं. आजची तारीख एकेक आकडा करत घातली. इशारा आला नाही. मिलिंदची सगळी कामं मुकाट्याने मागच्या तारखांत जाऊन बसली. मी सगळं पुन्हा बांधून पाठवलं. दुपारी औशाहून टँकर निघाल्याचं कळलं.

आता रोजचंच झालंय. सकाळी ती त्याच जानेवारीत डोळे उघडते, त्याची वाट बघत. आणि मिलिंद गेल्याचं मला तिला पुन्हा सांगावं लागतं.