हरल्यावर ह्यांनी त्याचा हात वर केला

माझा नवरा बॉक्सर आहे हे मला लग्नानंतर कळलं. मुलगा मुंबईला गोदीत कामाला आहे, हाडापेराने चांगला आहे, एवढंच सातपाटीला आमच्या घरी सांगितलं होतं. शिरगावला सासरी आल्यावर एकदा ह्यांची ट्रंक आवरायला घेतली, तर तळाशी चामड्याचे फुगीर हातमोजे निघाले. होडीवर वापरायची काही वस्तू असेल असं मला वाटलं. सासूबाई अंगणात बोंबील वाळत घालत होत्या, त्यांना नेऊन दाखवले.

"ते त्याचे मारामारीचे हाय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ठेव परत. वास येतं त्यांना."

मी शाळेत शिक्षिका. मारामारी करणाऱ्या पोरांना रोज कोपऱ्यात उभं करत होते. आणि घरी हे. गोदीतल्या सोबत्यांबरोबर हे एका क्लबात बॉक्सिंग शिकले आणि पुढे तिकीट लावून होणाऱ्या लढतींमध्ये पैसे घेऊन उतरू लागले. सुट्टीला घरी येत तेव्हा कधी ओठ सुजलेला, कधी डोळ्याखाली काळंनिळं. विचारलं की म्हणत, "ज्यानं मारलं ना, फार गुणी माणूस आहे." ते हे इतक्या प्रेमाने सांगत की पुढे काय विचारावं ते मला सुचत नसे.

मग तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं. गोदीत अवजड माल क्रेनला बांधायची सवय होती, त्यामुळे ह्यांना तिथे लगेच काम मिळालं. आठवडाभर तिथल्या वस्तीत राहायचं आणि रविवारी घरी. मी खूश होते. तिशी उलटली होती, मुंबई सुटली होती, आता ते मोजे ट्रंकेतच राहतील असं मी धरून चालले होते.

पण माणसं जमली की तमाशेही येतात. बांधकामाला कुठकुठली माणसं आली होती, रविवारी त्यांना करमणूक नव्हती. मुंबईत लढती भरवणाऱ्या एका माणसाने ते हेरलं आणि बोईसरला मैदानावर बॉक्सिंग ठेवायचं ठरवलं. इथलाच एक बॉक्सर इथे काम करतो हे कळल्यावर तो ह्यांच्याकडे आला. समोर भायखळ्याचा एक तरुण उभा करणार होता. त्याचं नाव तेव्हा मुंबईत वर येत होतं.

"हो म्हणालात?" मी विचारलं.

"म्हणालो," हे म्हणाले. "घरच्या माणसांनी मला लढताना कधी पाहिलंच नाही."

लढतीच्या दिवशी अर्धं शिरगाव ट्रकमध्ये बसून बोईसरला गेलं. थोरल्या दिरांनी त्या दिवशी होडी समुद्रात घातली नाही. धाकट्या भावाला हातावर वाढवलं होतं त्यांनी, आवाज सगळ्यांत मोठा त्यांचाच. सासूबाई मात्र आल्या नाहीत. "पोराला मार खाताना बघायला तिकीट कशाला?" म्हणाल्या.

पिंपांवर फळ्या टाकून रिंगण उभारलं होतं, चार बाजूंनी दोर. उन्हं कलली होती. पुढे खुर्च्यांवर साहेब लोक, मागे कामगार, आणि एका बाजूला आमचा गाव. भायखळ्याच्या बाजूला फक्त त्याचा म्हातारा उस्ताद, खांद्यावर टॉवेल आणि हातात बादली घेऊन.

घंटा झाली आणि मला काहीच कळेनासं झालं. ठोसा बसला की चुकला, हे मी दिरांच्या ओरडण्यावरून ठरवत होते, पण ते तर सगळ्यालाच ओरडत होते. मध्येच दोघं एकमेकांच्या गळ्यात पडत. मला वाटे, संपलं, मिटलं. तेवढ्यात पंच त्यांना सोडवी आणि पुन्हा मारामारी सुरू. भायखळ्याचा वाऱ्यासारखा फिरत होता. हे जागचे फार हलत नव्हते, पण ह्यांचा ठोसा बसला की त्याचा आवाज आमच्यापर्यंत येई. पुढे ह्यांची भुवई फुटली. त्यानंतर मी रिंगणाकडे कमी आणि स्वतःच्या हातांकडे जास्त पाहिलं. माझ्या हातात ओला पंचा होता. संपलं की त्यांचं तोंड पुसायचं, एवढं एकच काम मला समजत होतं.

शेवटची घंटा झाली तेव्हा दोघंही उभे होते. पंचाने बाजूला बसून गुण मांडणाऱ्यांकडून कागद गोळा केले, दोघांना मधे घेतलं आणि भायखळ्याच्या पोराचा हात वर केला.

थोरले दीर पुढच्या एका खुर्चीवर चढले. "चोरी हाय ही! आमचा जिंकला हाय!" पाठोपाठ गाव उठला. एक चप्पल दोरांवरून आत गेली, मग दुसरी, मग उसाची कांडकी. कामगारांतून कुणी "धोखा, धोखा" ओरडू लागलं. म्हाताऱ्या उस्तादाने टॉवेल उघडून पोराच्या डोक्यावर धरला. जिंकलेला तो, पण चेहरा असा की जणू आता कुणीतरी त्याला समुद्रात ढकलणार आहे.

हे आपल्या कोपऱ्यातून निघाले. मला वाटलं, पंचाला जाब विचारणार. गावालाही तसंच वाटलं असावं, कारण आरडाओरडा वाढला. पण ह्यांनी भायखळ्याच्याचा हात पंचाच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः वर धरला. चारी बाजूंना त्याला फिरवलं. आमच्या बाजूला सगळ्यांत जास्त वेळ उभे राहिले. भुवईतून रक्त येत होतं आणि हे हसत होते.

चपला थांबल्या. मग त्याच्या खांद्यावर हात टाकून हे त्याला खाली घेऊन आले, ते सरळ आमच्याच माणसांतून. थोरले दीर आडवे आले.

"तू जिंकलास रं!"

"नाय दादा. तो जिंकला. वाट द्या."

"अरे, आमी बघितलं ना डोल्यांनी!"

"वाट द्या दादा," हे पुन्हा म्हणाले, तितक्याच हळू. दीर बाजूला झाले. मी पंचा घेऊन पुढे झाले, तर ह्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि त्या पोराच्या हातात दिला. माझ्याकडे पाहिलंही नाही. परतीच्या ट्रकमध्ये बसले तरी रागवायचं ते कुणावर, हेच मला ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा आमच्या दारात थांबला. भायखळ्याचा आणि त्याचा उस्ताद. रात्र पालघरला काढून, पत्ता विचारत आले होते. ह्यांच्या भुवईला टाके पडले होते म्हणून हे घरीच होते. सासूबाई पुढे झाल्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी या पोराचे हात झडावेत म्हणून देवाला साकडं घातलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

"माज्या पोराला तूच मारला काय?"

"होय आई," तो खाली बघत म्हणाला.

सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जेवलास काय?"

तो नाही म्हणाला. त्यांनी त्याला ह्यांच्या शेजारीच पाटावर बसवलं. बोटं इतकी सुजली होती की त्याला भाकरी तोडता येईना. थोडा वेळ सासूबाई बघत राहिल्या. मग त्याच्या ताटाजवळ बसल्या आणि पापलेटाचे काटे काढून देऊ लागल्या. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. काल शाप आणि आज काटे काढून देणं, यातल्या सासूबाई खऱ्या कुठल्या?

जेवता जेवता तो थांबला. "दादा, खरं सांगा. मी जिंकलो का?"

"तुझा हात वर झाला ना?"

"तो तुम्ही केला."

"पंचानं आधी केला, मी मग."

"मला वाटलं होतं तुम्ही जिंकलात. नंतर नंतर मला नीट दिसतच नव्हतं."

"मला तरी कुठं दिसत होतं? डोळ्यात रक्त," हे म्हणाले, आणि दोघंही हसू लागले. ह्यांचे टाके दुखत होते, त्यामुळे कपाळ धरून हसत होते. म्हातारा उस्तादही हसला. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. एक दुसऱ्याला म्हणत होता तू जिंकलास, दुसरा म्हणत होता तुम्ही, आणि आदल्या दिवशी गाव त्याच निकालावरून डोकी फोडायला निघाला होता.

गावात मात्र कुणी हसत नव्हतं. हरलेला माणूस हसत कसा येईल, हे लोकांना उमगेना. मग त्यांनी आपल्याला उमगेल असं कारण शोधलं: ह्यांनी पैसे घेऊन लढत सोडली. बाजारात एक कोळीण माझ्या तोंडावर म्हणाली, "बाई, तुमच्या मालकाला हरायचं बरं जमतंय." थोरल्या दिरांनी तर ह्यांच्याशी बोलणंच टाकलं. एकाच अंगणात दोन चुली होत्या, पण हे आले की दीर जाळी घेऊन बाहेर पडत.

शेवटी मीही विचारलं. एका रविवारी किनाऱ्यावर सुरूच्या बनात बसलो होतो.

"तुम्ही पैसे घेतले का?"

"नाही." राग नव्हता, पण मान झटकन वळली.

"मग तुम्हीच जिंकला होता का?"

"काय माहीत. आत असल्यावर कळत नाही. आपण मारलेले लक्षात राहतात, खाल्लेले नंतर दुखतात."

"मग त्याचा हात वर का केला?"

हे वाळूत बोट फिरवू लागले. "चपला यायला लागल्या ना, तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. इतका वेळ मला मारत होता, आणि आता माझ्याचकडे बघत होता. मग गेलो."

"दया आली?"

"दया कसली? भुवई फोडली त्यानं माझी." मग पुन्हा, "गेलो, एवढंच. हात आपोआप गेला."

मला वाटलं होतं, ह्यांच्याकडे काही मोठं कारण असेल आणि मी ते समजून घेईन. कारण नव्हतंच म्हणजे काय, हे मला कळेना. की होतं, आणि त्यांना सांगता येत नव्हतं?

काही महिन्यांनी भायखळ्याच्याची मुंबईत मोठी लढत ठरली. त्याचा उस्ताद आजारी होता, म्हणून त्याने ह्यांना कोपऱ्यात उभं राहायला बोलावलं. मीही गेले. या वेळी मला थोडंफार समजत होतं, आणि तो हरतोय हेही समजत होतं. निकाल लागला तेव्हा कुणाला शंका नव्हती. जिंकलेला माणूस हात पुढे करून त्याच्याकडे आला. याने तोंड फिरवलं, टॉवेल खाली आपटला आणि दोरांखालून निघून गेला. लोकांनी हुर्यो केली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या घरी जेवलेला हा माणूस! हे मात्र शांतपणे रिंगणात गेले, जिंकलेल्याचा हात हातात घेतला, त्याच्याशी दोन शब्द बोलले आणि मग टॉवेल उचलून, बादली घेऊन बाहेर आले.

"तुम्ही त्याच्यासाठी एवढं केलंत, आणि हा असा?" मी म्हणाले.

"आज नाही जमलं त्याला."

"तुम्हाला कसं जमलं?"

"मलाही पहिल्या वेळी नव्हतं जमलं," हे म्हणाले. "पंचाच्या पायावर थुंकलो होतो."

हे मला नवीनच होतं. विचारणार होते, पण तो मागच्या जिन्यावर बसलेला दिसला. हातमोजेसुद्धा काढले नव्हते. ह्यांनी खाली बसून दातांनी गाठ सोडवली आणि मोजे उतरवले.

"तो जिंकलेला अजून आत आहे, कपडे बदलतोय," हे म्हणाले.

"मला नाही जमणार दादा."

"बरं."

थोड्या वेळाने तो उठला आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा तसाच होता. आत त्याने हात मिळवला, की नुसता दारात उभा राहून परत आला, हे आम्हाला कळलं नाही. ह्यांनी विचारलं नाही, आणि मलाही विचारू दिलं नाही.

त्या वर्षी होळीला तो शिरगावला आला. आमच्याकडे होळीला अख्खा किनारा जागा असतो, पण तो सकाळीच पोचला होता. अंगणात थोरले दीर जाळं विणत बसले होते. त्यांनी त्याचा दंड धरला.

"तू सांग. तू काय खोटं बोलणार नाय. बोईसरला कोण जिंकला?"

"तुमचा भाऊ," तो लगेच म्हणाला.

हे घरातून ओरडले, "दादा, ऐकू नका त्याचं! जिंकला तोच!"

"दादा, मला विचारा," तो दिरांना म्हणाला. "त्यांच्या ठोशाने माझी बरगडी आत गेली होती."

"आणि माझी भुवई?" हे अंगणात येत म्हणाले.

दोघं अंगणात समोरासमोर उभे राहून भांडू लागले, खरोखर चिडून, आवाज चढवून. बोईसरलाही इतके चिडलेले मी त्यांना पाहिलं नव्हतं. सासूबाई मासळी टाकून बघायला आल्या. थोरले दीर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. जाळं त्यांच्या मांडीवरून घसरलं तरी त्यांना कळलं नाही. मग ते हसू लागले. महिनोन् महिने गप्प राहिलेला माणूस, त्याला ते हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी ह्यांना दारातून हाक मारली. "चल रं, होडी लोटायला माणूस पायजे." हे उठून गेले. मी किनाऱ्यापर्यंत मागून गेले. दोघं भाऊ होडीला खांदा लावून पाण्याकडे नेत होते आणि दीर विचारत होते, "पण पंचाच्या कागदावर काय होतं रं?" हे काय म्हणाले ते लाटांत ऐकू आलं नाही.