चौथी मूठ

त्या श्रावणात मी कानबाईशी अबोला धरला होता. देवीशी कसला गं अबोला, असं कुणी म्हणेल. पण जिला हक्काने आई म्हणायचं, तिच्यावर रुसायचं नाही तर रुसायचं तरी कुणावर? माझ्या पोटात पहिल्यापासून काही राहत नाही. रोज दिवा लावायची, हात जोडायची, आणि मनातल्या मनात म्हणायची, "बाई, दिवा लावते कारण तो लावायची रीत आहे. बोलणार मात्र नाही."

कारणही तसंच होतं. खानदेशातून सुरतेला येऊन आम्हाला अठरा वर्षं झाली होती. आमचे हे कतारगामच्या एका कापड कारखान्यात मागावर होते. त्यांना खोकला लागला आणि तो काही केल्या हटेना. शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "ही धूळ आता बंद. पुन्हा मागावर उभे राहिलात तर माझ्याकडे येऊ नका." तेव्हा यांचं वय एकोणपन्नास, माझं चव्वेचाळीस. मुलगी लग्न होऊन धुळ्याकडे गेलेली. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, तीनच माणसं. या वयात नव्याने काय करायचं?

जुन्या पुस्तकांच्या दुकानाची कल्पना माझी. मी सातवी पास, आणि हे तर भेळेचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायचे नाहीत. सुरतेत मराठी शिक्षक, बँकवाले, पोस्टातले लोक पुष्कळ. मे महिन्यात बदलीचे हुकूम निघाले की सामान हलकं करायला ते सगळ्यात आधी पुस्तकं काढतात. खोलीपुढच्या ओट्यावर पत्रे टाकले, दोन फळ्या ठोकल्या, झालं दुकान. सासूबाई म्हणाल्या, "रद्दीवालीण व्हयनी मनी सून!" पण दुपारी तिथेच येऊन बसायच्या आणि गिऱ्हाइकांच्या चौकशा करायच्या. पहिलं वर्ष छान गेलं. जूनमध्ये शाळेची जुनी पुस्तकं तर हातोहात गेली. लोक अर्ध्या किमतीत पुस्तक नेताना असा आशीर्वाद द्यायचे, की मला वाटलं, आपण जन्मभर उगाच चुलीपुढे बसलो.

तिथेच माझी मती फिरली. दुसऱ्या वर्षी सुट्टी लागल्याबरोबर मी घरोघर हिंडले आणि मराठी शाळेची पहिली ते चौथीची मिळतील तेवढी पुस्तकं उचलली. हातातल्या दोन बांगड्या त्यात गेल्या. हे म्हणत होते, "अगं, जरा दमानं घे." पण मला कोण अडवणार? जूनमध्ये शाळा उघडली. आयाबाया आल्या, पुस्तकं उघडून पाहिली आणि हळूच परत ठेवली. शेवटी एका मास्तरीणबाईंनी सांगितलं, "अहो, यंदा पुस्तकं बदलली. तुम्हाला माहीत नव्हतं?" नव्या पुस्तकांच्या दुकानदाराला अशी गोष्ट आधी कळते. जुन्या पुस्तकांवर बसणाऱ्याला सगळ्यात शेवटी. गठ्ठे छताला टेकलेले, आणि मी त्यांच्यापुढे तोंडात मारल्यासारखी बसलेली.

हे मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. श्रावण लागल्यावर मात्र एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "रोट होऊन जाऊ दे. मंगळवारी कारखान्यात जाऊन विचारतो." मला नुसता डॉक्टरांचा चेहरा दिसायला लागला. दुकान बुडालं तर बुडू दे, पण हा माणूस पुन्हा मागावर गेला तर परत येणार नाही, एवढं मला कळत होतं.

रोटांचं सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही खानदेशी लोक कानबाई बसवतो. चौरंगावर नारळ, त्याला नथ, डोळे, दागिने, सगळा नवरीचा थाट. सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर पोचवायची. तिच्या नैवेद्याला रोट लागतात. त्यासाठी घरातल्या एकेका माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू, बोलताना म्हणायची एक मूठच, मोजून घ्यायचा आणि वेगळा दळायचा. आमच्या घरची रीत कडक आहे. रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे. परक्याला द्यायचे नाहीत आणि उरवायचे तर नाहीतच.

शनिवारी मी गहू मोजायला बसले आणि अबोला सुटला. अशी भांडले तिच्याशी! "तू येशील नथ घालून, मिरवशील आणि जाशील तापीवर. माझ्या माणसाचं काय? त्याला पुन्हा त्या धुळीत पाठवू?" डोळ्यांतून धारा आणि हाताने मुठी चालूच. सासूबाई समोरून पाहत होत्या. एकदम ओरडल्या, "हाई काय करं वं तू? चार मुठी टाक्यात!"

खरंच, माणसं तीन आणि मुठी चार पडल्या होत्या. नावाने मोजलेला गहू परत काढता येत नाही. मी कपाळाला हात लावला. सासूबाई मात्र म्हणाल्या, "पडनी ते पडनी. घरनाच माणूस कोनी येनार व्हई." मी मनात म्हटलं, येतोय! धुळ्याहून जावई थोडाच धावत येणार आहे?

रविवारी दुपारी आरती झाली. पानं वाढणार तेवढ्यात ओट्यावरून हाक आली, "दुकान चालू आहे का?" पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. धोतर, काखेत छत्री, पाय चिखलाने भरलेले. पहिली-दुसरीची मराठी पुस्तकं हवी होती. सकाळपासून चार दुकानं हिंडले, सगळीकडे गुजराती.

माझा पारा चढलेलाच होता. म्हटलं, "आहेत, ढिगानं आहेत. पण जुनी, बदललेली. उद्या भांडायला येऊ नका."

ते हसले. "ताई, पुस्तक बदललं असेल. पण 'क' तोच आहे ना?"

हे आतून ऐकत होते. ते असे हसले, असे हसले, की हसता हसता खोकला लागला. जूनपासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

गृहस्थ बारडोलीच्या बाजूला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. दिवाळीनंतर खानदेशातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांची पोरं पाच महिने शाळेवाचून उंडारतात. त्या गृहस्थांनी काट्यावरच्या लोकांकडून वर्गणी काढून त्या पोरांसाठी वर्ग भरवायचं ठरवलं होतं. "किती हवीत?" मी विचारलं. त्यांनी छताला टेकलेल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरं पुष्कळ आहेत. सगळीच लागतील." मी लगेच वरचा गठ्ठा खाली ओढला.

त्यांनी पाणी मागितलं. सासूबाईंनी तांब्या दिला आणि सवयीने चौकशी सुरू केली. "कोणतं गाव भाऊ तुमनं?" गाव तापीकाठचं निघालं, आमच्या गावापासून दोन कोसांवरचं. मग आडनाव, मग कूळ, मग आजोबांचं नाव. या गृहस्थांचे आजोबा आणि माझे आजेसासरे सख्खे चुलतभाऊ! जमिनीच्या वाटण्या झाल्यावर एक घर नदीपलीकडे गेलं आणि जाणं-येणं तुटलं. ज्या तापीच्या पाण्यावर दोन्ही घरं वाढली, तिच्याच काठी, इतक्या लांब सुरतेत, आम्ही एकमेकांसमोर उभे होतो.

मी चौथं पान मांडलं. रोट, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी वाढली. त्यांनी पहिला घास तोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. म्हणाले, "मंडळी गेल्या त्याला तीन वर्षं झाली, माय. तेव्हापासून घरी कानबाई बसली नाही. रोट आता या जन्मात नाहीत, असं धरून चाललो होतो." आणि हा पन्नाशीचा बाप्या लेकरासारखा रडला. मग आम्ही सगळेच रडलो आणि सगळेच पोटभर जेवलो. एक तुकडा उरला नाही.

सोमवारी ते आमच्याबरोबर तापीवर आले. कानबाई आमच्या यांच्या डोक्यावर होती आणि मी पुढे नाचत होते, पंचेचाळिशी गाठल्यावर, चारचौघांत! मंगळवारी हे कारखान्यात गेले नाहीत. दिवसभर गठ्ठ्यांना सुतळी बांधत बसले. पुढे दरवर्षी पुस्तकं बदलोत न बदलोत, जुनी पुस्तकं टोळ्यांच्या पोरांकडे जात राहिली. दुसऱ्या कारखान्यांवरूनही माणसं यायला लागली. दुकान तरलं, आणि माझा माणूसही.

पुढच्या श्रावणात मी मोठ्या भक्तीने तीन माणसांच्या चार मुठी मोजल्या. ते काट्यावरचे भाऊजी येणार म्हणून त्यांच्या नावाची पाचवी घ्यायला गेले, तर सासूबाईंनी हात धरला. म्हणाल्या, त्याची मूठ बरोबर आहे, पण ही चौथी, जास्तीची, कुणाची? मी म्हटलं, येईल त्याची. तशा हसल्या. "येड्ये, त्या सालनी मूठ तू टाकी व्हती का?"

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती आसवं, ते भांडण आणि तो चुकलेला हिशेब, त्यातलं काहीच माझं नव्हतं, सगळं कानबाईचं होतं, हे उमगायला मला बराच काळ लागला. आता मी नावं घेत गहू घालते आणि डोळे मिटून घेते. मुठी किती पडतात ते मी पाहत नाही. पान मात्र एक जास्तीचं मांडते, आणि दुकानाचं दार उघडं ठेवते.